दुपारी दीडला जाणारे आणि साडेचारला परतणारे नेट : वायरलेस ब्रॉडबँडचा वारंवार येणारा दोष कसा शोधावा

नागपूरच्या बेसा भागातील आमच्या फ्लॅट स्कीममध्ये वायरलेस ब्रॉडबँडची, म्हणजे टॉवरवरून हवेतून गच्चीवरच्या छोट्या रेडिओपर्यंत आणि तिथून केबलने घरात येणाऱ्या नेटची, जोडणी घेतल्यानंतरचा दुसरा उन्हाळा सुरू झाला आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून एक विचित्र प्रकार घडू लागला. दुपारी दीडच्या सुमारास नेट बंद पडायचे, मग दर आठ-दहा मिनिटांनी येऊन पुन्हा जायचे, आणि साडेचार वाजून गेले की काही झालेच नाही अशा थाटात सुरळीत चालू व्हायचे. तक्रार नोंदवली की तंत्रज्ञ मुलगा संध्याकाळी सहाला येत असे, मोबाइलवर वेग मोजून दाखवत असे आणि ‘काका, लाइन तर ओके आहे जी’ असे म्हणून तक्रार बंद करून जात असे. त्याचेही चुकत नव्हते, कारण सहा वाजता लाइन खरोखरच ओके असे. असे तीनदा झाले. त्यात दोनदा राउटर बदलला गेला, आणि तिसऱ्या वेळी गच्चीवरचा अँटेना उगाच किंचित फिरवला गेल्याने जो काही सिग्नल होता तोही दोन डेसिबलने (डेसिबल हे सिग्नलच्या ताकदीतील फरकाचे माप) घसरला.

आमच्या सोसायटीचे आणि धाकट्या भावाच्या हिंगणा एमआयडीसीतील वर्कशॉपचे नेटवर्क गेली काही वर्षे मीच सांभाळतो, त्यामुळे अशा दोषांची एक वहीच माझ्याकडे साठली आहे. त्या वहीवरून माझे मत असे झाले आहे की वायरलेस ब्रॉडबँडमध्ये दोष कोणता, हे यंत्रापेक्षा घड्याळ लवकर सांगते. रोज दुपारी येणारा दोष, रोज रात्री नऊला येणारा दोष, पावसासोबत येऊन पाऊस थांबल्यावरही दोन दिवस राहणारा दोष आणि जुलैत सुरू होऊन जानेवारीपर्यंत रेंगाळणारा दोष, या चारही गोष्टी ग्राहकाच्या तोंडी ‘नेट चालत नाही’ एवढ्याच असतात, पण त्यांची कारणे एकमेकांपासून पूर्णपणे वेगळी असतात. म्हणून राउटर बंद-चालू करण्याआधी, आणि ग्राहक सेवेला फोन लावण्याच्या तर कितीतरी आधी, एक आठवडा फक्त वेळ लिहून ठेवावी : नेट किती वाजता गेले, किती वाजता आले, त्या वेळी ऊन, पाऊस, वारा काय होते, आणि घरात कोणते मोठे उपकरण चालू झाले होते.

दोष घराच्या आत आहे की बाहेर

वेळेची नोंद चालू असतानाच एक चाचणी उरकून घ्यावी. राउटरला लॅपटॉप थेट लॅन केबलने जोडावा आणि घरातील वाय-फाय पूर्णपणे बाजूला ठेवावे. माझ्या अनुभवात ‘ब्रॉडबँड खराब आहे’ म्हणून आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपतात, कारण केबलवर सगळे व्यवस्थित चालते आणि रडते ते केवळ मागच्या खोलीतले वाय-फाय. शहरातील महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी भिंती असोत की नव्या स्कीममध्ये एकाच जिन्यावर लागलेले वीस राउटर असोत, वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या फक्त तीनच आहेत, १, ६ आणि ११. त्यामुळे गर्दीच्या इमारतीत ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय वापरणे आणि राउटर कपाटाच्या मागे न लपवता घराच्या मध्यभागी ठेवणे एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. बाहेरच्या जोडणीशी या दोषाचा काहीही संबंध नसतो.

केबलवरही नेट जात असेल, तर लॅपटॉपवर तीन खिडक्या उघडून तीन ठिकाणी सतत पिंग (समोरचे यंत्र उत्तर देते का आणि किती वेळात, हे पाहणारी छोटी चाचणी) चालू ठेवावे : पहिले आपल्या राउटरला, दुसरे सेवा देणाऱ्याच्या गेटवेला, म्हणजे हवेतल्या दुव्यापलीकडच्या त्याच्या पहिल्या यंत्राला, आणि तिसरे ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक पत्त्याला. नेट गेले त्या क्षणी तिन्ही थांबले तर दोष लॅपटॉप, केबल किंवा राउटरचा आहे. पहिले चालू राहून पुढची दोन्ही थांबली, तर तो गच्चीवरचा किंवा हवेतला आहे. पहिली दोन चालू आणि तिसरेच बंद असेल, तर आपल्या घरी कोणीही येऊन काहीही करू शकत नाही, कारण दोष कंपनीच्या पुढच्या जाळ्यात आहे आणि हे तिला शांतपणे, पण लेखी कळवावे.

आमच्याकडे पहिले पिंग चालू आणि पुढची दोन्ही बंद, असे दिसले.

अपटाइम नावाचा साक्षीदार

गच्चीवरच्या रेडिओचे एक माहितीपृष्ठ असते, जे ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून उघडता येते. तिथे सिग्नल किती डीबीएम आहे (हा आकडा उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) हे सगळेच पाहतात, पण त्याच्या खाली ‘अपटाइम’ म्हणून जी एक ओळ असते तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रेडिओ शेवटचा चालू झाला त्याला किती वेळ लोटला, एवढेच ती सांगते, पण दोष निवारणात तिच्याइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. नेट जाऊन आल्यावर अपटाइम जर ‘१२ दिवस’ असाच पुढे मोजत असेल, तर रेडिओला वीज अखंड मिळत होती आणि तुटला तो हवेतला दुवा. उलट तो ‘३ मिनिटे’ दाखवत असेल, तर हवेचा काहीही दोष नाही, रेडिओच बंद पडून पुन्हा सुरू झालेला आहे, आणि शोध विजेच्या दिशेने न्यायला हवा.

आमचा अपटाइम दुपारी सव्वादोनला ४ मिनिटे होता आणि अडीचला पुन्हा ६ मिनिटे.

नवतपा आणि चोवीस व्होल्टचा अडॅप्टर

गच्चीवरच्या रेडिओला वेगळी विजेची तार नसते. ज्या लॅन केबलमधून नेट खाली येते, तिच्यातूनच त्याला वीज वर जाते, आणि ती वीज केबलमध्ये सोडणारी छोटी काळी डबी म्हणजे पीओई अडॅप्टर. जोडणी करताना घरात छिद्र पाडायचे टळावे म्हणून आमच्याकडे ही डबी गच्चीवरच, पाण्याच्या टाकीजवळ, एका लोखंडी पेटीत बसवली होती. हिवाळ्यात जोडणी झाली असल्याने कोणाला त्यात वावगे दिसले नाही.

नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हे सांगायला नको, पण हवामान खाते मोजते ते सावलीतले तापमान. सिमेंटच्या गच्चीवर, उन्हात तापणाऱ्या लोखंडी पेटीच्या आतले तापमान त्याहून कितीतरी जास्त असते. मी एक साधा तापमापक पेटीत ठेवून पाहिला, दुपारी दोनला तो ६३ दाखवत होता. अडॅप्टरच्या पाठीवर मात्र बारीक अक्षरांत कमाल ४० अंश असे छापलेले होते. रुमालात धरूनच पेटीचे झाकण उघडावे लागले. मल्टिमीटर लावला तर सकाळी सात वाजता जे २४ व्होल्ट मिळत होते, ते दुपारी रेडिओ चालू असताना २०.८ वर आलेले. त्यात वर रेडिओकडे जाणारी केबल साठ मीटर लांब, आणि ती तांब्याची नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची. अशा तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, आणि तापलेल्या धातूचा रोध आणखी वाढतो. या सगळ्यातून जे काही रेडिओपर्यंत पोहोचत असेल, त्यावर तो कसाबसा उभा राहायचा, दुवा जोडून माहिती पाठवू लागताच त्याची विजेची गरज वाढायची आणि तो पुन्हा बसायचा. दर आठ-दहा मिनिटांच्या त्या येण्या-जाण्याचे कारण हे होते.

यात आणखी एक भिडू होता, तो कूलर. अडॅप्टरची तार ज्या बोर्डातून घेतली होती, त्याच बोर्डावर वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांचा मोठा डेझर्ट कूलर चालत असे, आणि जेवणे आटोपून दीडच्या सुमारास तो सुरू होताना बोर्डावरचा विजेचा दाब क्षणभर खाली जात असे. तापलेल्या अडॅप्टरला तेवढा धक्का पुरे होता. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत कूलर बंद ठेवा असे शेजाऱ्याला सांगण्याचे धाडस माझ्याने झाले नाही, आणि तसे सांगणे योग्यही झाले नसते.

उपाय स्वस्तात झाला. अडॅप्टर खाली जिन्यातील सावलीच्या कोनाड्यात, वेगळ्या बोर्डावर आणला, साठ मीटरची केबल शुद्ध तांब्याच्या, बाहेर वापरायच्या काळ्या आवरणाच्या केबलने बदलली, आणि रेडिओच्या मागे हवा खेळेल इतके अंतर सोडून पांढऱ्या पत्र्याची एक छोटी टोपी बसवली. ही टोपी रेडिओच्या तोंडासमोर येता कामा नये, कारण धातूचा पत्रा लहरींना भिंतीसारखा अडवतो. केबल विकत घेताना दुकानदाराला ‘पूर्ण तांब्याची’ असे स्पष्ट विचारावे, आणि शंका असेल तर एक तार चाकूने खरवडून पाहावी : आत पांढरी चमक दिसली तर ती अॅल्युमिनियमची आहे. लॅन केबलची १०० मीटरची मर्यादाही चांगल्या तांब्याच्या तारेसाठी सांगितलेली आहे, हे विसरू नये.

पाऊस सिग्नल खातो, हा समज

जूनमध्ये दुसऱ्या प्रकारच्या तक्रारी सुरू होतात आणि सगळेजण पावसाला दोष देतात. वस्तुस्थिती अशी आहे की स्थानिक सेवा देणारे बहुतेक जण जो ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा वापरतात, त्यावर ताशी १०० मिलिमीटरचा मुसळधार पाऊसही दर किलोमीटरला साधारण एक डेसिबलच कमी करतो. दोन किलोमीटरच्या दुव्यासाठी हा तोटा नगण्य आहे. ६० गिगाहर्ट्झच्या आणि त्यापुढच्या रेडिओंना पाऊस खरोखर भोवतो, पण ते घरोघरी नसतात. मग पावसात नेट जाते ते का? कारण पाणी हवेत नव्हे, केबलमध्ये शिरलेले असते.

गेल्या जुलैत सोसायटीतील एका घरचे नेट पाऊस उघडून दोन दिवस झाले तरी सुधारेना, म्हणून वर जाऊन रेडिओच्या बुडाचे झाकण काढले. केबलचे टोक बाहेर ओढताच त्यातून पाण्याचा एक थेंब बोटावर पडला, आणि आठपैकी दोन धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर साचलेला दिसला. केबल वरून सरळ उतरत रेडिओत शिरत होती, त्यामुळे पावसाचे पाणी तिच्या अंगावरून ओघळत नेमके तिथेच जात होते. केबलला रेडिओच्या खाली एक वळसा दिला, म्हणजे ती आधी खाली जाऊन मग वर चढेल अशी ठेवली, की पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जाते. एवढी साधी गोष्ट अनेक जोडण्यांत केलेली नसते. नवे टोक बसवून, रबरी गॅस्केट नीट दाबून आणि वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळून तो दोष कायमचा गेला.

याच दोषाची एक खूण घरी बसूनही ओळखता येते. दोनशे किंवा तीनशे मेगाबिटचा प्लॅन असताना वेगचाचणी दर वेळी ९४ च्या आसपासच अडकत असेल, तर समजावे की हवेत काही बिघडलेले नाही. गिगाबिट जोडणीला केबलमधील चारही जोड्या लागतात, त्यातील एक गंजली की उपकरणे आपोआप १०० मेगाबिटवर उतरतात आणि त्यातून प्रत्यक्षात ९४-९५ च मिळतात. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या गडगडाटानंतर हे लक्षण दिसले, तर विजेच्या झटक्याने रेडिओचे किंवा राउटरचे पोर्ट अर्धवट जळाले असण्याचीही शक्यता असते. विदर्भात मे-जूनच्या वादळात वीज पडण्याचे प्रकार नेहमीचेच असल्याने लोखंडी खांबाला अर्थिंग आणि केबलला सर्ज प्रोटेक्टर यांत काटकसर करू नये.

साग, कडुनिंब आणि नवी स्कीम

महिन्यागणिक हळूहळू बिघडत जाणारा दुवा हा सर्वांत फसवा प्रकार, कारण कोणत्याही एका दिवशी काही बिघडल्यासारखे वाटत नाही. नागपूर हे झाडांचे शहर. साग उन्हाळ्यात जवळजवळ उघडा असतो आणि पावसाळ्यात परातीएवढ्या पानांनी भरतो; कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळून महिन्याभरात नव्याने गच्च होतो. पानगळीत जोडणीची पाहणी झाली तर टॉवर स्वच्छ दिसतो आणि तंत्रज्ञ समाधानाने खांब ठोकून जातो. ऑगस्टमध्ये त्याच जागेवरून पाहिले तर मधे पानांची भिंत उभी असते, आणि पाने ओली असली तर ती लहरी आणखी शोषून घेतात.

यात एक बारकावा असा की टॉवर डोळ्यांना दिसणे पुरेसे नसते. रेडिओ लहरी दोन टोकांच्या मध्ये फुगलेल्या पडवळासारखा एक पट्टा व्यापतात, ज्याला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झवर दोन किलोमीटरच्या दुव्यात मधोमध या पट्ट्याची त्रिज्या सुमारे ५ मीटर भरते, आणि तिचा किमान साठ टक्के भाग, म्हणजे दृष्टिरेषेभोवती साधारण ३ मीटर, तरी मोकळा असावा लागतो. म्हणून एखाद्या शेंड्याच्या किंवा नव्या टाकीच्या जेमतेम वरून टॉवर दिसत असेल, तर सिग्नल मिळेल पण तो डळमळीत असेल. आमच्या आणि टॉवरच्या मधे बेलतरोडीच्या बाजूला सात मजली स्कीमचे काम सुरू झाले, तेव्हा पाचव्या स्लॅबपर्यंत काहीच जाणवले नाही. सहावा स्लॅब टाकला गेला आणि सिग्नल महिन्याभरात उणे ६१ डीबीएमवरून उणे ७४ वर गेला. उणे ५० ते ६५ च्या दरम्यान दुवा निर्धास्त असतो आणि उणे ७५ च्या खाली त्याचा भरवसा उरत नाही, असा माझा साधा हिशेब आहे. अशा वेळी खांबाची उंची वाढवणे किंवा दुसऱ्या टॉवरकडे तोंड वळवणे हे दोनच उपाय असतात. राउटर बदलून स्लॅब खाली येत नाही.

वाऱ्याचा आणि मांज्याचा उल्लेख ओघाने करतो. उच्च क्षमतेच्या तबकडी अँटेनाचा झोत काही अंशांचाच असतो, त्यामुळे वादळात क्लॅम्प किंचित सरकला तरी सिग्नल कोसळतो. संक्रांतीनंतर तर अँटेनाला गुंतलेला मांजा आणि तो ओढताना झालेला कोनातला फरक हमखास सापडतो. जोडणी नीट चालू असताना अँटेनाची आणि खांबाची एक सरळ रेघ मार्करने आखून ठेवावी, म्हणजे सरकले की लगेच कळते.

ज्यांच्याकडे मोबाइल कंपनीची ५जी वर आधारलेली घरगुती जोडणी आहे, त्यांना हेच नियम थोड्या फरकाने लागू होतात. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, आणि तिचा मुख्य भार ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे, जो भिंतींतून जाताना बराच क्षीण होतो. बाहेरचे यंत्र खिडकीच्या आत बसवून समाधान मानू नये. ते टॉवरच्या बाजूच्या भिंतीवर, मोकळ्यावर बसवून घ्यावे, आणि त्याच्या पृष्ठावरील आरएसआरपी (मोबाइल सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये) उणे ११० च्या आसपास असेल तर जागा बदलल्याशिवाय राहू नये.

रात्री नऊची रांग

रोज रात्री आठ ते अकरा मंदावणारे आणि पहाटे सुसाट धावणारे नेट हा बिघाडच नव्हे. ती गर्दी आहे. टॉवरवरील एका बाजूच्या रेडिओची क्षमता त्या बाजूच्या सगळ्या घरांत वाटली जाते. समजा ती प्रत्यक्षात २०० मेगाबिट आहे आणि तिच्यावर चाळीस घरे आहेत. दिवसा त्यातील तीन-चारच घरे जड काही पाहत असतात आणि प्रत्येकाला आपण राजा असल्यासारखे वाटते. क्रिकेटचा सामना लागला आणि चाळीसही एकदम बसली, की वाट्याला पाच येतात. वायमॅक्स या ४जीच्या आधीच्या वायरलेस ब्रॉडबँड तंत्राच्या काळात ‘५० किलोमीटर अंतर आणि ७० मेगाबिट वेग’ असे जे ऐकू येत असे, त्यातील दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे होते, पण ते एकाच वेळी एकाच ग्राहकाला मिळणारे नव्हते. २०१० मध्ये २३०० मेगाहर्ट्झचा लिलाव वायरलेस ब्रॉडबँडच्याच नावाने झाला आणि पुढे त्या लहरींवर वायमॅक्सऐवजी ४जी उभे राहिले. आजचे तंत्र पुष्कळ पुढे गेले असले तरी हवा अजूनही सामायिकच आहे. त्यात ५ गिगाहर्ट्झमधील ६०५ मेगाहर्ट्झ २०१८ पासून परवानामुक्त असल्याने शेजारच्या गच्चीवरील दुसऱ्या सेवेचा रेडिओही त्याच वाहिनीवर बोलत असू शकतो. तेव्हा सिग्नल चांगला पण वेग नाही असे दिसते, आणि वाहिनी बदलण्याची विनंती करणे हाच मार्ग उरतो.

मात्र गर्दीचा निष्कर्ष काढण्याआधी आपलीच अपलोड तपासावी. या सेवांमध्ये वर जाणारा वेग खाली येणाऱ्यापेक्षा बराच कमी ठेवलेला असतो, आणि क्लाउडवर चित्रण पाठवणारे दोन-तीन कॅमेरे किंवा रात्री फोटो चढवणारे फोन तो सहज भरून टाकतात. तो भरला की खाली येणाऱ्या माहितीच्या पोचपावत्याही रांगेत अडकतात आणि सगळेच गोठल्यासारखे वाटते. कॅमेरे बंद करून पिंग पाहावे : ६०० मिलिसेकंदांवरून एकदम ३० वर आले तर कारण सापडले. राउटरमध्ये अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधून घातली की ही रांग राउटरच्या ताब्यात राहते.

किरकोळ दोन दोष लगेच सांगून टाकतो. वाय-फाय अधूनमधून बरोबर मिनिटभर नाहीसे होत असेल आणि राउटर ५२ ते १४४ च्या दरम्यानच्या, रडारसाठी मोकळ्या कराव्या लागणाऱ्या वाहिनीवर असेल, तर त्याला रडारचा भास होऊन तो वाहिनी सोडत असावा. ३६ ते ४८ मधील वाहिनी कायम करावी. आणि बाकी सगळे उघडते पण ठरावीक एक-दोन संकेतस्थळे अर्ध्यावर लटकतात असे असेल, तर राउटरमध्ये एमटीयूचा, म्हणजे एका वेळी पाठवायच्या माहितीच्या तुकड्याच्या कमाल आकाराचा, आकडा १४९२ किंवा त्याहून थोडा कमी करून पाहावा.

हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये

भावाच्या वर्कशॉपमध्ये तक्रार वेगळीच होती. नेट चालू, वेग चांगला, पण घरून कॅमेरे दिसत नाहीत आणि बाहेरून हिशेबाच्या संगणकाला जोडता येत नाही. राउटरचा बाहेरचा पत्ता पाहिला तर तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानच्या आकड्यांनी सुरू होणारा होता. हा पट्टा सेवा देणारे अनेक ग्राहकांमागे एकच सार्वजनिक पत्ता वाटून देण्यासाठी वापरतात, आणि त्यात बाहेरून आत यायला दारच नसते. तिथे राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग नाही. स्थिर सार्वजनिक पत्ता पैसे भरून मागावा, किंवा आतूनच बाहेर जोडणी करणारी व्हीपीएन वापरावी. व्यवसायासाठी जोडणी घेणाऱ्याने वेगाच्या आधी हा प्रश्न विचारायला हवा.

तरीही व्यवसायाला वायरलेसचा खरा फायदा मी तिथेच पाहिला. सिमेंट रस्त्याच्या खोदकामात जेसीबीचा दात फायबरवर बसला की दुरुस्तीला दोन-दोन दिवस लागतात, आणि त्या काळात मालवाहतुकीसाठी लागणारे ऑनलाइन ई-वे बिल निघाले नाही तर माल गेटवरच उभा राहतो. म्हणून फायबर मुख्य आणि वायरलेस राखीव, अशी दोन पोर्टांच्या राउटरवर रचना केली आहे. आधी खात्री एवढीच केली की वायरलेस देणाऱ्याच्या टॉवरला येणारी मूळ जोडणी त्याच रस्त्याखालून येत नाही. तसे असते तर दोन्ही एकदमच गेली असती.

तक्रार करताना

‘नेट स्लो आहे’ ही तक्रार सहा वाजता येऊन बंद होते, हे वर आलेच. ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या २०२३ पासून किमान २ मेगाबिटची आहे, त्यामुळे ‘हे ब्रॉडबँडच नाही’ हा युक्तिवादही टिकत नाही. त्याऐवजी तीन पिंगांचे निकाल, अपटाइमचे छायाचित्र, सिग्नलचा जोडणीच्या दिवशीचा आणि आजचा आकडा, आणि वहीतील सात दिवसांच्या वेळा एकत्र लिहून ईमेलने पाठवाव्यात, तक्रार क्रमांक मागून घ्यावा, आणि समाधान न झाल्यास २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीत असलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे तोच क्रमांक देऊन जावे. आमच्याकडे असा ईमेल गेल्यावर तोच मुलगा चौथ्यांदा आला, पण या वेळी दुपारी दोन वाजता आणि मल्टिमीटर घेऊन. लोखंडी पेटीला हात लावून त्याने झटकन मागे घेतला आणि म्हणाला, ‘काका, इथं तर चहा होईल जी.’ अडॅप्टर खाली हलवायला त्यानेच मदत केली.

आज रेडिओचे पृष्ठ उघडले तेव्हा अपटाइम ७१ दिवस ४ तास होता. तो त्याहूनही जास्त असता, पण मधे कूलरची टाकी धुताना शेजाऱ्यांनी चुकून आमचा नवा प्लग काढला.